कडीपाटाच्या सागाचं टेबल: कामाच्या नोंदी

करायचं काय: लिहायचं टेबल, ४ फूट लांब, २ फूट रुंद, २९ इंच उंच. लाकूड पुण्याच्या पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या कडीपाटातलं, म्हणजे आडव्या कड्या आणि त्यांवर टाकलेल्या फळ्यांच्या छतातलं. टॉप पाटाच्या फळ्यांचा, पाय कडीतून काढलेले. सांधे कुसूचे (एका लाकडाचं कापून बारीक केलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत), स्क्रू फक्त टॉप धरायला.

जागा: कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा. सेक्रेटरीकाकांच्या अटी दोन: दुपारी एक ते चार आवाज नाही, आणि भुसा रोजच्या रोज उचलायचा. हत्यारं: करवत, रंधा, पटाश्या, गुण्या (काटकोन पाहायचा), हातड्रिल. काम बहुतेक शनिवार-रविवारी. जुन्या सागाचं काही करायचं मनात असेल त्याला उपयोग व्हावा म्हणून खर्चासकट लिहितेय.

८ मार्च २०२५, शनिवार

टिंबर मार्केट, भवानी पेठ. आधी नव्या सागाचे भाव विचारले आणि मुकाट जुन्या लाकडाच्या वखारीकडे वळले. वाडा उतरवायला घेतला की ठेकेदार त्याचं लाकूड उचलतो आणि ते इथे येतं. खांब, कोरीव चौकटी, दरवाजे यांना जुन्या वस्तूंचे शौकीन पैसे मोजतात, तिकडे बघायचंच नाही. कडीपाटाच्या फळ्या आणि कड्या मात्र मागे ढिगात पडलेल्या असतात, कारण त्यांना माती, चुना आणि खिळे चिकटलेले असतात. आपल्याला त्याच हव्यात.

हिशेब घनफुटावर चालतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ने भागायचं. हे फोनवर स्वतः करा. वखारवाले तोंडी करतात आणि अपूर्णांक नेहमी वरच्या बाजूला पळतो.

घेतलं ते असं: ७ फूट × ८ इंच × १ इंचाच्या सहा फळ्या, म्हणजे २.३३ घनफूट. ८ फूट × ४ × ३ इंचाच्या दोन कड्या, १.३३ घनफूट. एकूण ३.६६, भाव १,९००, झाले ६,९५०. टेंपो ७००. टेबलात प्रत्यक्ष याच्या निम्मंही लाकूड जाणार नाही, पण जुन्या लाकडात भोकं, चिरा आणि वाकलेले भाग टाकूनच द्यावे लागतात. दुपटीने घ्यायचं हे गृहीत धरून गेले होते.

फळ्या निवडताना एक पाहिलं. कडेला फिकट पांढरट पट्टा असेल तर ती फळी परत ठेवली. भुंगा त्या भागात शिरतो, सागाचा गाभा त्याला पचत नाही. पांढऱ्या पट्ट्यात टाचणीएवढी भोकं आणि त्यातून पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी घरात आणूच नये.

९ मार्च, रविवार

कड्या भिंतीला लावून ठेवताना एक जड लागली. बाथरूममधला वजनकाटा खाली आणला. आधी एकटी उभी राहिले, मग कडी उभी धरून, आणि वजाबाकी केली. पहिली साडेबारा किलो. दुसरी साडेसोळा. मापं तंतोतंत सारखी.

सुका साग घनफुटाला अठरा-एकोणीस किलो भरतो. दुसरी कडी चोवीसच्या वर जात होती. चाकूने कोपरा खरवडला: रंग गर्द, आणि सागाला जो तेलकट, चामड्यासारखा वास येतो त्याचा पत्ता नाही. वरून धूर आणि चुना बसलेला असल्यावर दोन्ही कड्या जुळ्या दिसतात.

वखारीत फोन केला. "वाड्याचंच आहे ताई, शंभर टक्के जुनं." जुनं नाही असं मी म्हटलंच नव्हतं.

शनिवारवाड्याला जुन्नरच्या जंगलातला साग वापरल्याचं सांगतात, त्यामुळे पुण्यातला वाडा म्हणजे साग असं आपल्या डोक्यात बसलंय. पण शनिवारवाडा पेशव्यांचा होता. साध्या गृहस्थाने जिथे लोकांची नजर जाते तिथे साग लावला आणि माळ्याखाली परवडेल ते घातलं, यात नवल काही नाही. तेव्हा दुकानातच वजन करायला लावा. वखारीत काटा नसेल तर दोन सारख्या मापाच्या कड्या उचलून पाहिल्या तरी हाताला कळतं.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसला उशिरा जाते म्हणून सांगितलं आणि सकाळी जुन्या बाजारात. बुधवार आणि रविवार भरतो. रविवारी गर्दीत हत्यार हातात धरून बघायला मिळत नाही, म्हणून बुधवार. एक लोखंडी रंधा आणि एक ३ सूत (३/८ इंच) रुंद पटाशी, दोन्ही मिळून ५५० रुपये. रंधा घेताना पातं आणि तळ पाहायचा, गंज नाही. गंज पॉलिश पेपरने निघतो. तळाला पीळ किंवा तडा असेल तर तो रंधा पेपरवेट म्हणूनच वापरायचा.

१६ मार्च, रविवार

शनिवार-रविवार दोन्ही खिळ्यांत गेले.

फळ्यांच्या वरच्या बाजूला मातीचा गिलावा बसलेला. तारेच्या ब्रशने तो काढला. एन-९५ मास्क, ब्रश, हातमोजे मिळून ४००. मास्कशिवाय हे काम करू नका, पहिल्या दहा मिनिटांतच पार्किंगमध्ये धुळवड झाली आणि पुढचं काम सोसायटीच्या मागच्या बाजूला न्यावं लागलं. ही माती आधी गेलीच पाहिजे. तिच्यातली वाळू रंध्याच्या पात्याची धार एका फेरीत घालवते.

खिळे दोन काळांचे आहेत. काही घडीव, चौकोनी अंगाचे, लोहाराने ठोकलेले. काही नंतरच्या दुरुस्तीचे, गोल तारेचे. घडीव खिळे अंगाने निमुळते असतात, त्यामुळे टोकाच्या बाजूने पंच ठेवून ठोकलं की एकदा सुटल्यावर सरळ वर येतात. गोल खिळे मात्र गंजून लाकडाला धरलेले आणि जंबुऱ्याने ओढलं की डोकं तुटून हातात. तुटलेल्यांसाठी पोलादी नळीचा छोटा तुकडा घेतला, तोंडाला कानशीने दात पाडले आणि ड्रिलला लावला. खिळ्याभोवती गोल कापत जायचं, मग खिळा लाकडाच्या गाभ्यासकट बाहेर येतो. भोक १० मिमीचं पडतं, पण खिळा नक्की गेलेला असतो.

शोधायला फुटक्या स्पीकरमधलं चुंबक. दोऱ्याला टांगून फळीवरून संथ फिरवायचं, ओढ बसेल तिथे खडूची फुली.

२२ मार्च, शनिवार

सॉ मिल. कडी चिरून घ्यायची आणि फळ्या थिकनेस मशीनवरून काढायच्या. मालक फळ्या बघून म्हणाले, "खिळा लागला तर पात्याचा खर्च तुमचा, ताई."

"सगळे काढलेत काका."

"सगळे कुणाचेच निघत नाहीत."

तिसऱ्या फळीला आवाज आला. मशीन बंद करून मिस्त्रींनी पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि काही न बोलता मला दाखवलं: धारेला गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा. फळीच्या कडेने तिरपा गेलेला खिळ्याचा तुकडा होता, आतल्या आत गंजून भुगा झालेला. गंजलेल्या लोखंडाला चुंबकाची ओढ फार क्षीण बसते, म्हणून तो सुटला. फळीच्या कडांवरून मी चुंबक फिरवलंच नव्हतं, हेही खरं. पातं घासायचे ८०० आणि चिराई व मशीनचे १,२००.

मिस्त्रींनी दुसऱ्या कडीचा कापलेला तोंडाकडचा भाग बघून ते ऐनाचं, म्हणजे सागाहून जड आणि टणक अशा दुसऱ्या झाडाचं, लाकूड म्हणून सांगितलं. टाकायची नाही, म्हणाले, पाय घासतील तिथे लावा.

फळ्या २१ मिमीला आल्या. सागाच्या कडीतून तीन लांब्या, प्रत्येकीचे उभे दोन, असे सहा पाय निघाले. चार लागणार, दोन राखीव. राखीव पायांमुळे पुढे वाचले.

३० मार्च, रविवार

पाडवा. पार्किंगमध्ये सोसायटीचा कार्यक्रम, माझ्या फळ्यांवर सतरंजी टाकून लहान मुलं बसली. काम नाही.

५ एप्रिल, शनिवार

मशीनवरून काढलेली फळी सपाट असते हा गैरसमज आहे. मशीन वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतं. खालीच पीळ असेल तर वरही तोच पीळ येतो. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं: चारपैकी दोन फळ्यांना पीळ, एकीला बराच. मशीनवर न्यायच्या आधी एक बाजू हाताने सरळ करायला हवी होती. आता तीच गोष्ट पातळ फळीवर केली. पिळाची उंच टोकं तिरप्या हाताने रंधून काढली, मग लांबीत. २१ची फळी १९ला आली.

पातं फार लवकर बोथट होतं. सागात मुळातच सिलिका असते, माती नसली तरी. साधारण अर्ध्या तासाला धार लावावी लागते. त्यासाठी ग्रॅनाइटच्या ओट्याचा कापलेला तुकडा आणि त्यावर पाणी मारून ४००, १०००, २०००चे पेपर. पेपरांचे सगळे मिळून ३५० झाले, टेबल घासायचे धरून. धार लागली की नाही हे सागाच्या तोंडाकडच्या बाजूवर बघायचं. तिथे पातं न अडखळता पातळ सालपट काढत असेल तर लागली.

हातांना मनगटापर्यंत खाज. सागाच्या बारीक भुशाने बऱ्याच जणांना होते. लांब बाह्या, आणि काम झालं की लगेच धुणं.

१३ एप्रिल, रविवार

काल संध्याकाळी टॉपच्या चार फळ्या चिकटवल्या. आज एका टोकाने उचलला तर मधला सांधा टक् करून सुटला.

सुटलेली कड नीट पाहिली. गोंदाची सगळी साय एकाच फळीवर, दुसरी कड स्वच्छ आणि किंचित चकाकती. लाकडाचा एक धागाही गोंदाबरोबर निघाला नव्हता. म्हणजे दुसऱ्या फळीला गोंद लागलाच नाही, तिच्यावर नुसता टेकला होता. कारणं दोन. सागाच्या अंगात तेल असतं. कड रंधून आठवडाभर ठेवली की ते पृष्ठभागावर येऊन बसतं, आणि मी कडा मागच्याच शनिवारी रंधल्या होत्या. दुसरं म्हणजे पारा चाळिशीला, हवा कोरडी. चार फळ्यांना गोंद लावून क्लॅम्प आवळेपर्यंत पहिल्या फळीवरच्या गोंदाला साय धरलेली.

बाकीचे दोन सांधे पक्के वाटत होते, पण त्यांचीही गत तीच असणार. लाकडी हातोड्याने ठोकून सगळं सोडवलं.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी पावणेसातला सुरुवात, ऊन यायच्या आत. जुना गोंद रंध्याने काढला. यात प्रत्येक कडेला दोन-तीन मिमी गेले, त्यामुळे टॉप ठरवल्यापेक्षा अरुंद होणार. मग लगेच फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन कडा पुसल्या. फडकं पिवळं होतं, ते सागाचं तेल. अ‍ॅसिटोन उडून गेलं की ताबडतोब गोंद. फेविकॉल मरीन घेतला, ३२० रुपयांचा. एका वेळी दोनच फळ्या. अशा दोन जोड्या आज, आणि दोन्ही जोड्यांचा मधला सांधा उद्या पहाटे, तीच पुसापुशी करून.

क्लॅम्प महाग असतात. मोठे दोनच घेतले, १,५०० रुपये. बाकी दाब पाचरींनी: जाड पट्टीवर दोन्ही टोकांना ठोकळे स्क्रूने बसवायचे, फळ्या मध्ये ठेवायच्या आणि उरलेल्या फटीत समोरासमोरून दोन पाचरी ठोकायच्या. असे तीन सांगाडे तुकड्यांतूनच झाले. पट्ट्यांवर सेलोटेप लावा, नाहीतर त्याही टॉपला चिकटतात. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे लावले. सगळे एकाच बाजूला असले की टॉप पन्हाळीसारखा वाकतो.

२७ एप्रिल, रविवार

पायांना खाचा. पाय ४४ मिमी चौरस, खाच १० मिमी रुंद, ३० मिमी खोल. शेजारच्या दोन बाजूंच्या खाचा आत एकमेकींना भेटतात, म्हणून कुसवांची टोकं ४५ अंशात कापायची. ड्रिलने ओळीत भोकं पाडून मग पटाशीने कडा सरळ केल्या.

तिसऱ्या पायाचं डोकं फाटलं. खाच पायाच्या वरच्या टोकापासून १० मिमीवर होती आणि पटाशीचा दणका लांबीच्या दिशेने गेला. पाय आधीच मापात कापून घेतले होते, तिथे चुकलं. वर इंचभर लाकूड जास्त ठेवायचं, खाचा पाडायच्या, सांधा चिकटवायचा आणि शेवटी तो इंच कापायचा. राखीव पाय अजून लांब होते. एक वापरला.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली होती, तेव्हा संध्याकाळी हाताने थोडं कुसू कापायचं काम झालं. करवतीने रेघेच्या बाहेरून कापायचं आणि पटाशीने रेघेपर्यंत यायचं. कुसू हाताच्या दाबाने आत जावं. हातोडा लागला तर जाड आहे, आपोआप पडलं तर गेलं.

ऐनाची आडपट्टी खाली, पाय ठेवायच्या जागी. एवढ्या एका पट्टीने पटाशीची धार दोनदा घालवली.

४ मे, रविवार

टॉपच्या कडा कापून नेमका ६०० मिमी रुंद केला. खालच्या बाजूला पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. इथून पुढे दर वेळी याच रेघेवर मोजायचं.

सांगाडा गोंदाशिवाय जोडून पाहिला. कर्णांमध्ये ८ मिमीचा फरक. एका आडपट्टीच्या कुसवाचा खांदा, म्हणजे कुसवाच्या बुडाशी पायाला टेकणारी कड, तिरका होता. गुण्याची आतली बाजू टेकवून रेघ मारली होती आणि गुण्याच मुळात काटकोनात नव्हता. गुण्या तपासायची पद्धत: फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या पाहिजेत. माझ्या गुण्याच्या रेघा इंग्रजी व्ही काढत होत्या. खांदा पटाशीने सरळ केला, फरक दीड मिमीवर आला. तेवढा चालतो.

११ मे, रविवार

सांगाडा चिकटवला. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला आणि डाग घासायला लोखंडी काथ्या वापरला. दुपारी बघते तर सांध्यांभोवती निळसर काळे ठिपके. काथ्याचे बारीक तुकडे ओल्या सागात अडकले आणि लोखंडाने लाकूड काळं केलं. खिळ्यांच्या भोकांभोवती जे काळं वर्तुळ असतं तेही याच कारणाने.

उपाय ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. गरम पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवून ब्रशने पूर्ण बाजूला लावलं. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट चट्टा उमटतो. वाळल्यावर भरपूर पाण्याने दोनदा धुतलं. हे विषारी आहे: हातमोजे, चष्मा, स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात नाही, आणि वाळलेली पांढरी पूड कोरडी घासायची नाही, ती नाकात जाते. ठिपके गेले. खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं फिकट झाली, ती मुद्दाम तशीच ठेवली.

भोकं बुजवायला आधी भुसा आणि फेविकॉलची लांबी (पुट्टी) एका तुकड्यावर करून पाहिली. पॉलिश लावल्यावर ती लाकडापेक्षा काळी पडली आणि पॉलिश प्यायलीच नाही. मोठ्या भोकांना सागाचेच डाट कापून बसवले, धागा फळीच्या धाग्याशी जुळवून. बारीक भोकं उघडी आहेत.

१८ मे, रविवार

टॉप सांगाड्यावर बसवला. आडपट्ट्यांतून वर स्क्रू, पुढे चार, मागे चार. आवळले. टेबल हलत नाही, डुगडुगत नाही. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

१ जून, रविवार

माझा सगळा बेत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोरडी हवा मिळेल या हिशेबावर होता. मान्सून यंदा २६ मेलाच पुण्यात आला, आणि त्याच्या आधीपासून पाऊस.

टेबल करकर वाजतंय. मागच्या उजव्या पायापाशी सांध्यात फट, व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी. रेघेवर टॉप मोजला: ६०२ मिमी.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. टॉपच्या फळ्या रुंदीत फुगल्या, पण पुढच्या-मागच्या आडपट्ट्या स्क्रूंनी जागच्या जागी धरलेल्या, कारण त्यांच्यामधलं अंतर बाजूच्या पट्ट्यांच्या लांबीने ठरतं आणि ती लांबी बदलत नाही. वाढलेल्या दोन मिमींनी जागा शोधली ती सांध्यात.

७ जून, शनिवार

मिलमधल्या मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी स्क्रू बघितले आणि म्हणाले, "ताई, टॉप बांधायचा नसतो. नुसता धरायचा."

मग त्यांनी भंगारातला एक तुकडा उचलून करून दाखवलं. बोटभर लांबीचा ठोकळा, त्याच्या एका टोकाला जीभ. आडपट्टीच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून थोडी खाली खाच पाडायची. ठोकळ्याची जीभ त्या खाचेत, आणि स्क्रू ठोकळ्यातून टॉपमध्ये. टॉप खाली ओढलेला राहतो, पण फुगला की ठोकळा जिभेसकट खाचेत पुढेमागे सरकतो. जीभ खाचेत किती घुसवायची ते हवेवर: पावसाळ्यात बसवत असाल तर टॉप पुढे आकसून जीभ खाचेतून बाहेर येणार म्हणून ती बरीच आत घालायची; उन्हाळ्यात बसवत असाल तर टॉप फुगून ती आत जाणार म्हणून आत जायला जागा ठेवायची. मी ६ मिमीची जीभ ठेवली, निम्मी आत, निम्मी बाहेर.

सगळे स्क्रू काढले. पहिले दोन काढल्यावर टॉप अक्षरशः सुस्कारा टाकल्यासारखा सरकला. सांध्यातली फट क्लॅम्पने मिटली, पण गोंद तुटलेला होता. तिथे आरपार भोक पाडून बांबूची खुंटी ठोकली. दिसते. राहू दे.

१५ जून, रविवार

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिशचा पहिला हात दिला. तासाभरात पांढुरकी झाक आली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी पॉलिशमध्ये अडकतं. पावसात चपडा लावायचाच नाही. ऊन पडेल अशा दुपारची वाट पाहून नुसत्या स्पिरिटचं फडकं फिरवलं की झाक जाते, पण या महिन्यात तशी दुपार कुठून आणायची? पायांवरचं तसंच ठेवलं, टॉपवरचं स्पिरिटने पुसून काढलं. गरम कपाचा डाग चपड्यावर उठतोच, तेव्हा टॉपला तेल बरं.

२१ जून, शनिवार

बोहरी आळीत जाऊन डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणायचं होतं. दोन्ही पालख्या कालपासून मुक्कामाला, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. तिकडे गाडी नेण्यात अर्थ नव्हता. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात मिळालं. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल आणू नका, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं.

पातळ हात, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. पुसल्यावर काहीच उरलं नाही असं वाटायला हवं. पावसाळ्यात एक हात सुकायला चार दिवस धरा. चपडा, स्पिरिट, तेल, अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोन सगळं मिळून ९००.

तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवते आणि मग दोरीवर एकेक मोकळी पसरते. खालच्या काकूंनी ती दोनदा कुणाचे तरी कपडे म्हणून वर आणून दिली.

२७ जुलै, रविवार

तेलाचे हात संपले. टेबल वर घरात. रेघेवर ६०४.५ मिमी.

आजवरचा खर्च १३,६७०. या पैशात आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचं तयार टेबल आलं नसतं का, असं नवऱ्याने विचारलं. आलं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा ६०४.५. म्हणजे यंदाचं फुगणं संपलं असं दिसतंय. ठोकळे तपासले, टॉपबरोबर सगळे बाहेरच्या बाजूला सरकलेत, एकही अडकलेला नाही.

गणपती बुधवारी येतायत, त्याआधी ड्रॉवरची मापं घेतली. ड्रॉवरचं तोंड ९० मिमी उंच. टॉपच्या हिशेबाने एवढ्या रुंदीत पाऊण मिमीच्या आसपास फरक पडेल. लाकूड आत्ता पुरतं फुगलेलं आहे, म्हणून वर अर्धा मिमीच मोकळा सोडतेय. एप्रिलपर्यंत ती फट सव्वा मिमीची होईल. हाच ड्रॉवर मी मे महिन्यात अर्ध्या मिमीवर बसवला असता तर आज तो उघडला नसता. उन्हाळ्यात करणाऱ्याने दीड मिमी तरी सोडावा. ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या ऐनाच्या करतेय, घासायला तोच टिकेल. धार लावून ठेवलीय.